चिंचखारचा भोंगा

खाडीकाठच्या कुठल्याही गावात जाऊन विचारलं असतं की, चिंचखारची माणसं एवढी नाक वर करून का चालतात, तर एकच उत्तर मिळालं असतं: त्यांचा बांध फुटत नाही ना! आणि हे सांगताना सांगणाऱ्याने नाक मुरडलं असतं, कारण त्याच्या गावचा बांध दर दोन-चार वर्षांनी फुटत होता.

ठाण्याहून कळव्याचा पूल ओलांडून खाजणाच्या कडेकडेने तासभर चाललं की चिंचखार लागायचं. साठ उंबऱ्यांचं आगरी गाव. निम्मी माणसं मिठागरांवर कामाला जात, पण पोटात जाणारा भात आपल्याच खाचरातला, अशी गावाची ऐट होती. ही खाचरं एके काळी खाडीचीच. आज्या-पणज्यांनी मैलभर लांबीचा मातीचा बांध घालून ती खाडीच्या घशातून काढलेली. बांधाच्या एका अंगाला हिरवंगार भात, दुसऱ्या अंगाला खारं पाणी. ते पाणी एकदा आत शिरलं की त्या खाचरात तीन वर्षं गवतसुद्धा धड उगवत नाही. म्हणून गावात देवीच्या खालोखाल मान बांधाला होता, आणि बांधाच्या खालोखाल भिवा भोईरला.

भिवा पन्नाशी ओलांडलेला, काटक माणूस. बांधाचा म्होरक्या. त्याचा बापही म्होरक्या होता आणि आजाही. बांधाला भगदाड पडलं की त्याला खांड म्हणतात. "आपल्या हयातीत खांड परली नाय," हे वाक्य भिवा दिवसातून एकदा तरी बोलायचाच. जेवताना बोलायचा, लग्नात बोलायचा, मयताला गेला तरी परत येताना बोलायचा. त्याची बायको तुळसा म्हणे, "एवढं देवीचं नाव घेतलं असतंस तर ती दारात येऊन उभी राहिली असती."

पण ऐट उगाच नव्हती. बांधाची रीत कडक होती. राखणीच्या पाळ्या तिथीवर ठरलेल्या, कारण खाडी तिथीवर चालते. अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे पाणी सुस्त. त्या दिवशी एखादा म्हातारा विडी ओढत बसला तरी भागतं. पुनवेला आणि अवसेला भर दुपारी उधाण चढतं. त्या दिवशी चार घरांतली आठ माणसं फावडी-घमेली घेऊन बांधावर हवीत म्हणजे हवीत. दुसरी रीत त्याहून कडक. ज्याला गळती दिसेल त्याने गावाकडे पळायचं नाही. भोकात टाच रोवून तिथेच उभं राहायचं आणि हाळी द्यायची. सोडून गेला तर परत येईपर्यंत बोटाएवढ्या भोकातून बैल आरपार जाईल. आणि हाळी ऐकली की प्रत्येक उंबऱ्यातून एक माणूस धावलंच पाहिजे, मग ते ताटावर बसलेलं असो की अंगावर पाणी घेत असो. हाळी द्यायला गळा लागतो. चिंचखारची पोरं बोलायला शिकायच्या आधी हाळी द्यायला शिकतात, असं भिवा सांगे, आणि त्यात फारशी थाप नसे.

त्रेपन्न साली सरकारचे एक साहेब खारबांध बघत हिंडत होते. ते आले, बांधावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले, एका जागी मुद्दाम काठी खुपसून बघितली. काठी जाईना. त्या साली सगळ्यांत चांगल्या बांधाचं बक्षीस चिंचखारला मिळालं. बक्षीस काय, तर रेडिओ! लाकडी खोका, वजनदार बॅटरी आणि लांब मानेचा भोंगा. ठाण्याला सभा झाली, भिवाच्या गळ्यात झेंडूचा हार पडला. परतताना त्याने बैलगाडी सरळ पुलाकडे न नेता टेंभी नाक्याला वळसा घालून नेली. तुळसा म्हणाली, "वाट चुकलास कं?" तो म्हणाला, "गप बस. लोकांना बगू दे."

खोका गावदेवीच्या देवळाच्या ओट्यावर बसला, भोंगा चिंचेला टांगला. पहिले काही महिने मोठ्या नवलाईचे. बातम्या लागत, शेतीची माहिती लागे, भजनं लागत. भिवा पहिल्या रांगेत मांडी घालून बसायचा आणि खोक्यातल्या माणसाचं पटलं की मोठ्याने "बराबर!" म्हणायचा. शेजारच्या गावांतली माणसं ऐकायला येत, आणि चिंचखारकर त्यांना बसायला घोंगडी देत. द्यायचं कारण पाहुणचार नव्हे, तोरा.

मग भिवाच्या रघुने काटा फिरवला. रघु वीस वर्षांचा, ठाण्याच्या शाळेत शिकून सातवीची फायनल पास झालेला, गावातला पहिलाच. बॅटरी भरून आणायला तो आठवड्याला नौपाड्यात जाई, आणि तिथल्या दुकानात त्याला कळलं की मुंबई स्टेशनवर सिनेमाची गाणी लागत नसली तरी रेडिओ सिलोनवर लागतात, आणि मनसोक्त लागतात. त्या दिवसापासून शेतीची माहिती संपली.

गाण्यांवर राग धरायचं कारण नाही. चांगली गोड गाणी होती, म्हाताऱ्यांचेही पाय हलत. पण गाव बघता बघता असं बदललं की सांगता सोय नाही. संध्याकाळी पोरं बांधावर गप्पा मारायला जात, आणि गप्पांच्या निमित्ताने बांध दहा वेळा डोळ्यांखालून जाई. ते बंद झालं. गावातली शालू आणि तिच्या मैत्रिणी लावणीला भात लावताना गात, त्यांना आपली गाणी एकदम गावंढळ वाटू लागली; त्या वर्षी लावणी मुक्याने झाली. रघुच्या दोस्ताने, दगडूने, केसांचा कोंबडा काढला आणि तो आपल्या विधवा आईशी हिंदीत बोलायला लागला. ती बिचारी "काय म्हनतंस रं?" विचारून थकली. एकमेकांच्या ओट्यावर जाणं संपलं, कारण सगळे एकाच ओट्यावर बसलेले; आणि तिथे तोंड उघडलं की चारी बाजूंनी "श्शू!" कोणाला "आज तिथी कोणती?" विचारलं तर डोकं खाजवी. गेल्या रविवारी तिसरं गाणं कोणतं लागलं ते मात्र साठ उंबऱ्यांत कोणीही सांगितलं असतं.

शेवटी रघुने पाळीला हात घातला. म्हणाला, "बा, तिथ्या कोन मोजीत बसल? वार सगल्यांना ठाव असतो. मी वाराचा कागद करतो." आणि त्याने खरोखरच केला. सोमवार काळुराम, मंगळवार दगडू, असा एका वाराला एक माणूस, सुंदर वळणदार अक्षरात. देवळाच्या खांबाला खळीने चिकटवला. फक्त रविवार कोरा राहिला. रविवारी दुपारी सिलोनवर फर्माइशी गाणी असत. त्या दिवशी बांधावर जायला कोणी तयार होईना.

"लिव माझं नाव," भिवा म्हणाला. "रविवार मी एकटा बगीन."

काळुराम भिवाच्या बरोबरीचा. त्याने कागदासमोर उभं राहून मान हलवली. "आरं भिवा, खारीच्या पान्याला वार कलतो कं? पुनवेची आठ मानसं कुठं गेली यात?"

"तू आदी वाचाया शीक, मंग बोल," भिवा म्हणाला. स्वतःला वाचता येत नाही हे तो त्या घटकेला सपशेल विसरला होता. मग त्याने रघुला विचारलं, "माझं नाव कंचं?" रघुने बोट ठेवलं. भिवाने त्या जागेवरून अंगठा फिरवला.

काळुराम म्हणत होता ते भिवाला कळत नव्हतं असं नाही. खाडी त्याच्याइतकी कोणालाच कळत नव्हती. पण लेकाचं अक्षर देवळाच्या खांबावर झळकत होतं आणि येणारा-जाणारा थांबून बघत होता. त्यापुढे आठ माणसांचं काय एवढं? आपण आहोत ना. माणूस गर्वाने आंधळा होतो म्हणतात. भिवाला सगळं स्पष्ट दिसत होतं, तरी तो त्याच वाटेने चालला.

फर्माइशीत आपलं नाव यावं म्हणून पोरांनी कार्डांवर कार्डं धाडली. मुंबईच्या पत्त्यावर पाठवायची, तिथून ती सिलोनला जात म्हणे. पलीकडच्या गावातल्या दोघांची नावं आषाढात आली, त्याने चिंचखारची झोप उडाली. ज्यांचा बांध दर दोन वर्षांनी फुटतो त्यांचं नाव रेडिओवर, आणि आपलं नाही! भिवा स्वतः रघुला म्हणाला, "माझं बी नाव टाक. भिवाजी लिव. नुसतं भिवा नको."

भादव्याची पुनव नेमकी रविवारी आली. गणपती आदल्याच दिवशी बोळवलेले. भाताच्या कणसांत दूध भरत होतं. वर्षातलं सगळ्यांत मोठं उधाण या पुनवेचं, हे चिंचखारमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असायचं. पूर्वी.

भिवा फावडं खांद्यावर टाकून निघाला तेव्हा रघुला काहीतरी आठवलं असावं. तो उंबऱ्यात येऊन म्हणाला, "बा, आज पुनव हाय नं? मी येतो. दगडूला बी घेतो."

"नको," भिवा म्हणाला. "आजच नाव आयलं तर? आनि मी एकटा पुरे. चाळीस वर्सं झाली, मना शिकवतो कं? तू एक कर. भोंगा बांदाकरं फिरव, मना बी ऐकू येऊं दे."

रघुने भोंगा बांधाकडे फिरवला.

दुपार झाली. पाणी चढत चढत बांधाच्या छातीला लागलं. भिवा उघाडीपाशी उभा होता. उघाडी म्हणजे बांधातला लाकडी दरवाजा. पावसाचं पाणी बाहेर सोडायचा आणि खाडीचं बाहेरच अडवायचा. त्याच्या फळ्या जुन्या झालेल्या. लोखंडी उघाडी बसवावी असं भिवाच्या मनात कैक वर्षं होतं. फळ्या धरून होत्या. भिवाने आतल्या अंगाने चालायला सुरुवात केली. भोंग्यातून गाणी येत होती, वाऱ्यावर अगदी स्पष्ट. पन्नासेक पावलं गेला असेल, तेवढ्यात त्याला दिसलं. बांधाच्या बुडाशी गढूळ पाण्याची धार उडत होती. खेकड्याचं बीळ असावं. एरवी त्याच्या कानांना हे आधी कळलं असतं. पाणी माती खातं तेव्हा बारीक चुळचुळ होते आणि भिवा ती वीस पावलांवरून ओळखायचा. आज कानांत गाणं होतं.

त्याने रीतीप्रमाणे केलं. धारेत टाच रोवली आणि हाळी दिली. "खांड परली रं! धावा!"

उत्तर आलं ते भोंग्याचं. कोणीतरी बाई चांदण्याबद्दल गात होती.

त्याने पुन्हा हाळी दिली. मग पुन्हा. त्याची हाळी एके काळी मिठागराच्या पलीकडे ऐकू जायची. आज ती समोरून येणाऱ्या गाण्यावर आपटून खाली पडत होती. भोंगा त्यानेच तर आपल्याकडे तोंड करून लावायला सांगितला होता. टाचेभोवतीची माती सुटायला लागली. त्याने दुसरा पाय घातला. मग ढेकळं ओढून त्यात बसला. पाणी पाठीला ढुशा देत होतं. गळा फाटला तरी तो ओरडत राहिला.

गाणं संपलं. भिवाने श्वास भरला, आता ऐकतील. पण भोंग्यातला माणूस थांबला नव्हता. गोड, तुकतुकीत आवाजात तो नावं वाचत होता.

"...और ठाना ज़िले के चिंचखार गाँव से रघुनाथ, दगडू, और रघुनाथ के पिताजी भिवाजी भोईर..."

देवळाकडून पोरांचा एकच गलका उठला. शिट्ट्या, टाळ्या. साऱ्या मुलखात भिवाजी भोईरचं नाव वाजलं, आणि भिवाजी भोईर कंबरभर चिखलात बसून ओरडत होता आणि त्याच्या स्वतःच्या गावाला ते ऐकू येत नव्हतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. रागाचं होतं की लाजेचं, ते त्यालाच सांगता आलं नसतं. बांधाचा मोठा लचका त्याच्या उजव्या हाताशी तुटला आणि खाडी खाचरात शिरली.

तुळसा त्याची भाकरी घेऊन येत होती. वाटेत तिने भातात गढूळ पाणी पसरताना बघितलं आणि टोपली टाकून धावली. भिवाला बघून ती खाली उतरायला लागली, तेव्हा तो घोगऱ्या आवाजात एवढंच म्हणाला, "इकरं नको येऊस. भोंग्याची तार तोर!"

ती धावली. पन्नाशीची बाई, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचून बांधावरून पळत गेली. देवळात सगळं गाव नाचत होतं. नाव आल्याच्या आनंदात कोणी तिच्याकडे बघेना. तिला धाप लागलेली, तोंडातून शब्द फुटत नव्हता. ती सरळ ओट्यावर चढली, दोन्ही हातांनी तार धरली आणि उपटली.

गाणं मध्येच मेलं. "काय केलंस गो?" असं कोणी ओरडलं. आणि मग त्या शांततेत, दुरून, फाटक्या घोगऱ्या गळ्यातून, ती हाळी आली.

पुढचं सांगताना मात्र चिंचखारचा माणूस आजही ताठ होतो. हाळी ऐकल्यावर पापणी लवायचा अवकाश, ओटा रिकामा झाला. फावडी, घमेली, पेंढ्याचे भारे, दारांच्या फळ्या, ज्याच्या हाताला जे लागलं ते. शालू आणि तिच्या मैत्रिणी डोक्यावर चिखलाचे गोळे घेऊन धावत होत्या. रघु सगळ्यांत पुढे. तोपर्यंत खांड बैलगाडीएवढी झाली होती. त्याने बापाच्या शेजारी उडी टाकली आणि खांडीत आडवा पडला. त्याच्या मागे दगडू पडला, कोंबड्यासकट. त्यांच्यामागे आणखी चौघं. माणसांच्या भिंतीवर पेंढा पडला, पेंढ्यावर फळ्या, फळ्यांवर चिखल. दोन तास ती पोरं खाऱ्या पाण्यात दात-ओठ खात पडून राहिली. ओहोटी लागली तेव्हा पाणी थांबलेलं होतं.

गाव वाचलं. पण बारा खाचरं गेली. त्यांत दोन भिवाची होती आणि तीन दगडूच्या आईची. दुधात आलेलं भात आठ दिवसांत करपून पिवळं पडलं. दगडूची आई बांधावर बसून रडली, आणि दगडू तिच्या शेजारी बसून आगरीत तिची समजूत घालत राहिला.

म्हाताऱ्यांनी ठरवलं, खोका खाडीत टाकायचा. भिवा आडवा आला. त्याचा गळा पंधरा दिवस बसलेला होता, त्यामुळे तो कुजबुजल्यासारखं बोलला. "खोक्याची काय चूक? भोंगा कुनी फिरवाया सांगितला? मीच नं?" खोका राहिला. पण भरतीच्या वेळी तो बंद ठेवायचा असं ठरलं. कागद रघुने स्वतःच खांबावरून खरवडून काढला. त्यानंतर तो संध्याकाळचा काळुरामकडे जाऊन बसू लागला. कशाला, ते भिवाने विचारलं नाही. आणि ते नेहमीचं वाक्य, हयातीत खांड न पडल्याचं, तेही त्याच्या तोंडून कोणी ऐकलं नाही. तुळसाला त्याची एवढी सवय झालेली की घर तिला ओकंबोकं वाटे.

भात कापून झाल्यावर साहेब पुन्हा येणार असा निरोप आला. या सालचं बक्षीस वेगळं होतं: बांधाला लोखंडी उघाडी. भिवाने ऐकलं आणि तो उठून उघाडीच्या जुन्या फळ्या चाचपून आला. साहेब येण्याच्या आदल्या दिवशी देवळात सगळे जमले. हळू आवाजात बोलणं झालं आणि सगळ्यांचं एकमत झालं. खांड बुजवलेली आहे, वर गवत उगवलं आहे. बारा खाचरं गवतासाठी पडीक ठेवली म्हणायचं. साहेबाला काय समजतंय? आणि उघाडी मिळाली तर ती पोराबाळांच्या कामी येईल. काळुरामनेही मान डोलावली. सगळ्यांनी भिवाकडे बघितलं. भिवा नाही म्हणाला नाही.

साहेब बांधावर चालले. काठी खुपसली. काठी जाईना. ओट्यावर बसून त्यांनी छापील कागद काढला, आणि गावात लिहिणारा कोण म्हणून रघुला पुढे बोलावून दौत-टाक त्याच्या हातात दिला. "मी विचारतो, तू लिही." बांधाची लांबी. रुंदी. राखणीची माणसं. मग साहेब भिवाकडे वळले. "गेल्या वर्षी सांगितलं होतंत, चाळीस वर्षांत खांड नाही. यंदाही नाही, असंच ना?"

भिवाने तोंड उघडलं. चाळीस वर्षं रोज उच्चारलेला शब्द जिभेवर तयार होता. पण तो बाहेर येईना आणि दुसराही सुचेना.

"परली, साहेब," रघु म्हणाला.

ओट्यावर कोणीतरी घसा खाकरला. रघुने मान वर केली नाही. "खांड पडली. बारा खाचरं गेली. राखणीच्या पाळ्या मी बदलल्या होत्या. आठ माणसांच्या जागी एक केला. गाणी ऐकायला मिळावीत म्हणून."

साहेब भला माणूस होता. त्याने इकडे-तिकडे बघितलं आणि आवाज उतरवून म्हणाला, "हे बघ, बुजवलीत ना तुम्ही? मला काही दिसलं नाही. नाही लिहिलंस तरी चालेल."

"नाही साहेब. लिहितो."

साहेबांनी सुस्कारा टाकला. "बरं. तारीख सांग."

"तारीख ठाऊक नाही," रघु म्हणाला. "भाद्रपद पौर्णिमा होती. पाणी दुपारी साडेबाराला भरलं." आणि त्याने तसंच लिहिलं.

भिवा उठला. तो साहेबांसमोर जाऊन उभा राहिला आणि गावाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "साहेब, यो माझा पोर. पन सगली चूक त्याच्या नावावर नका टाकू. तो येतो बोलला व्हता. 'मी एकटा पुरे' असं बोलनारा मी. भोंगा बांदाकरं फिरवाया लावनारा मी. म्होरक्या मी हाय. माझं बी नाव त्यात लिवा."

"बा, राहू दे," रघु म्हणाला.

"लिव," भिवा म्हणाला. "नुसतं भिवा लिव."

लोखंडी उघाडी त्या साली पलीकडच्या गावाला गेली, आणि त्या गावाने आठ दिवस ढोल बडवले. चिंचखारने ते ऐकून घेतले. पण त्या दुपारी ओट्यावर रघु खाली मान घालून बापाचं नाव लिहीत होता, आणि भिवा, एक अक्षर वाचता येत नसताना, त्याच्या खांद्यावरून वाकून टाकाचं टोक बघत होता. त्याची छाती अशी भरून आली होती की तिच्यात श्वास मावत नव्हता. ठाण्याच्या सभेत गळ्यात हार पडला तेव्हाही ती एवढी भरली नव्हती.